नकाशात उशिरा सापडलेले बेट

वेस्ट इंडीज म्हटले की मराठी वाचकाच्या मनात जो नकाशा उघडतो, तो बहुधा क्रिकेटने काढलेला असतो. १९७१ च्या दौऱ्यात किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन, जॉर्जटाउन, ब्रिजटाउन ही नावे रेडिओवरून आपल्या घरांत शिरली आणि तिथेच राहिली. साहित्याच्या अभ्यासकांनी पुढे त्यात थोडी भर घातली: नायपॉल यांचे त्रिनिदाद, वॉलकॉट यांचे सेंट लुशिया, जीन ऱ्हीस यांचे डॉमिनिका. या दोन्ही नकाशांत कॅरिअकू हे नाव सापडत नाही. ग्रेनेडाच्या उत्तरेस सुमारे ३७ किलोमीटरवर असलेले, जेमतेम ३४ चौरस किलोमीटरांचे हे बेट. राजकीयदृष्ट्या ते ग्रेनेडाचाच भाग आहे. लोकवस्ती दहा हजारांच्या आत, सर्वांत उंच डोंगर तीनशे मीटरांच्याही खाली, आणि नदी एकही नाही. पावसाचे पाणी हौदांत साठवून वर्ष काढायचे. हिल्सबरो नावाचे एक लहान गाव, तीच राजधानी. ग्रेनेडाहून बोटीने जाताना वाटेत समुद्राच्या पोटात ‘किक-एम-जेनी’ नावाचा एक ज्वालामुखी लागतो. त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद १९३९ सालची आहे.

या बेटावर आम्ही गेलेलो नाही. जे काही जाणे झाले ते पुस्तकांच्या, ध्वनिमुद्रणांच्या आणि जुन्या नकाशांच्या वाटेने. हे आधीच सांगून टाकतो, कारण या बेटावर कोण कसे गेले आणि जाऊन त्याने काय पाहिले, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ऑड्री लॉर्ड या अमेरिकी कवयित्रीचे ‘झामी’ हे आत्मचरित्रात्मक पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. लॉर्ड यांचा जन्म १९३४ चा, न्यूयॉर्कमधला. आईवडील कॅरिबियनमधून आलेले. आईच्या बोलण्यात ‘घर’ हा शब्द येई तेव्हा त्याचा अर्थ हार्लेममधले भाड्याचे घर असा कधीच नसे. ‘घर’ म्हणजे कॅरिअकू. मुलगी शाळेच्या भूगोलात ते शोधू लागली; सापडले नाही. नकाशात सापडले नाही, आईच्या स्मरणावर शंका घेण्याचा धीर होत नाही, मग हे बेट म्हणजे आईने रचलेली एखादी कहाणीच असावी, असे तिला वाटू लागले. पुढे ग्रंथपालनाचे शिक्षण घेताना निरनिराळ्या नकाशासंग्रहांची तुलना करण्याचा अभ्यास वाट्याला आला. तेव्हा तिने मुद्दाम कॅरिअकू हेच नाव कसोटीसाठी घेतले. ते फक्त एका ठिकाणी मिळाले: एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या नकाशासंग्रहात. आपल्या वसाहतींची नोंद नेमकी असावी याचा त्या ग्रंथाला अभिमान होता, असा एक तिरकस शेरा लॉर्ड मारतात. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस होते.

हा प्रसंग साहित्याच्या वर्गात पुष्कळदा उद्धृत होतो, आणि त्यावरून एक ठरावीक निष्कर्षही काढला जातो: साम्राज्याच्या नकाशाने वगळलेले बेट आईच्या स्मृतीने जपले. हा निष्कर्ष आम्हांला अपुरा वाटतो. कॅरिअकू नकाशात नव्हते असे मुळीच नाही. १७८४ साली वॉल्टर फेनर नावाच्या भूमापकाने केवळ या एका बेटाचा ‘नवा आणि अचूक’ असे शीर्षक मिरवणारा मोठा नकाशा तयार केला होता. १७६३ च्या पॅरिसच्या तहाने ग्रेनेडासह हे बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आले, १७७९ मध्ये फ्रेंचांनी ते पुन्हा घेतले, १७८३ च्या तहाने ते परत इंग्रजांचे झाले. अशा हातबदलानंतर कोणता मळा कोठे आणि त्याच्या हद्दी कोणत्या, हे निश्चित करण्याची निकड होती. तेव्हा बेट नकाशावर आले ते इंच इंच मोजून. मळ्यांत राबणारी माणसे त्या कागदावर दिसत नाहीत. ती दिसतात १८१७ नंतरच्या गुलामांच्या नोंदवह्यांत, नावानिशी आणि वयानिशी. जोवर बेटातून कापूस निघत होता तोवर ते ठळक होते. कापूस संपला, मालक निघून गेले, आणि मग शालेय नकाशांतून ते पुसट होत गेले. लॉर्ड यांना जे सापडले नाही ते बेट पूर्वी कोणालातरी फार चांगले सापडलेले होते.

कापसाचा उल्लेख आला तो इथेच थोडा विस्ताराने घ्यायला हवा, कारण पुढच्या सगळ्याचे मूळ त्यात आहे. कॅरिबियनचा इतिहास आपण साखरेचा इतिहास म्हणून वाचतो आणि ते स्थूलमानाने बरोबरही आहे. परंतु कॅरिअकूवर पाणी कमी. तिथे कापसाचा वरचष्मा राहिला. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ मध्ये उमेदवारीची सक्तीही संपली. त्यानंतर युरोपीय मळेवाल्यांना या कोरड्या बेटात राहण्यासारखे काही उरले नाही. त्यांनी पाठ फिरवली आणि मागे राहिलेल्या माणसांच्या हाती हळूहळू लहान लहान तुकड्यांनी जमीन आली. पुरुषांनी समुद्र धरला. विंडवर्ड या गावात स्कॉटिश वंशाच्या कारागिरांनी रुजवलेली शिडाची जहाजे बांधण्याची विद्या होतीच. जहाजे बांधायची, ती चालवायची, आणि काम मिळेल तिकडे जायचे: आधी त्रिनिदाद, मग पनामा, मग अरुबाचे तेलशुद्धीकरण कारखाने, पुढे इंग्लंड आणि न्यूयॉर्क. घरे बायकांनी चालवली. एम. जी. स्मिथ या जमैकन मानववंशशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी इथे राहून अभ्यास केला आणि १९६२ मध्ये कॅरिअकूच्या नातेसंबंधांवर ग्रंथ लिहिला. (स्मिथ तरुणपणी कवी म्हणून ओळखले जात, हे आमच्या वाचकांना ठाऊक असलेले बरे.) पुरुष वर्षानुवर्षे परगावी असलेल्या या समाजात बायकाबायकांतील जिव्हाळ्याच्या आणि शारीर संबंधांचीही नोंद त्या ग्रंथात आहे. लॉर्ड यांनी पुस्तकाला दिलेले ‘झामी’ हे नाव याच बेटावरच्या बोलीतले. मैत्रिणी या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचे ते झिजलेले रूप. मैत्रिणी म्हणून आणि प्रेयसी म्हणून एकत्र राबणाऱ्या स्त्रियांना कॅरिअकूवर दिलेले नाव, अशी त्याची व्याख्या त्यांनी केली. आईने दिलेल्या बेटात मुलीला स्वतःसाठी शब्द सापडला. आईला तो कितपत रुचला असता, हा प्रश्न पुस्तकात मिटत नाही.

आता ढोलांकडे वळू. कॅरिअकूचे नाव ज्या गोष्टीमुळे संगीताच्या आणि नृत्याच्या अभ्यासकांत पोचले ती म्हणजे ‘बिग ड्रम’, किंवा ‘नेशन डान्स’. तीन ढोल असतात. पूर्वी ते रमच्या लहान पिंपांवर बकऱ्याचे कातडे मढवून करीत. दोन ‘बुला’ ढोल ठेका धरून ठेवतात, आणि मधला ‘कट’ ढोल त्या ठेक्याला छेद देत नर्तकाशी बोलतो. त्याच्या कातड्यावरून टाचण्या ओवलेला दोरा ताणलेला असतो, त्यामुळे आवाजाला एक करकरीत धार येते. एक बाई गाणे सुरू करते, बाकीच्या ते उचलतात. आधी जमिनीवर रम आणि पाणी शिंपडायचे, मग पूर्वजांची क्षमा मागणारे गाणे, आणि त्यानंतर एकेका ‘राष्ट्रा’चा नाच. राष्ट्र म्हणजे आफ्रिकेतील ज्या लोकसमूहातून आपले पूर्वज आले तो समूह. क्रोमांटी, इग्बो, मांडिंग, कॉंगो, अरादा, टेम्ने, मोको, चांबा, बांडा अशी नावे घेतली जातात. क्रोमांटीचा मान पहिला. आपले राष्ट्र कोणते हे माणसाला बापाकडून कळते, आणि त्याच्या राष्ट्राचा ठेका वाजला की रिंगणात उतरण्याचा अधिकार त्याचा. अँड्रू पिअर्स यांनी केलेल्या मुद्रणांची तबकडी १९५६ मध्ये फोकवेज कंपनीने काढली. १९६२ च्या उन्हाळ्यात ॲलन लोमॅक्स आपले ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन आले. लोमॅक्स यांची मुद्रणे फार उशिरा, १९९९ नंतर, बाजारात आली. ती आम्ही ऐकली आहेत. गाण्यांचे शब्द फ्रेंच क्रिओलमध्ये आहेत, आणि ती बोली या बेटावर रोजच्या व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली आहे. गाणाऱ्या बाईला प्रत्येक शब्दाचा अर्थ लागत असेलच असे नाही. पण त्यातली काही गाणी कशाविषयी आहेत हे सर्वांना माहीत आहे: एकाच घरातली माणसे निरनिराळ्या बेटांवर विकली गेली त्याविषयी.

दोनशे वर्षे एखाद्या समाजाने आपल्या नऊ मूळ राष्ट्रांची नावे आणि त्यांचे ठेके राखून ठेवावेत, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एक अडचण भेटते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. क्रोमांटी या नावाचे लोक आफ्रिकेत कोठेच नव्हते. कोरमांटिन हा आजच्या घानाच्या किनाऱ्यावरचा एक किल्ला, युरोपीय व्यापाऱ्यांचे ठाणे. त्या परिसरातून जहाजात भरलेल्या, प्रामुख्याने अकान भाषा बोलणाऱ्या माणसांना व्यापाऱ्यांनी त्या ठाण्याचे नाव चिकटवले. मोको हेही असेच किनाऱ्यावरून पडलेले सैल नाव. कॉंगो या नावाखाली तर कितीतरी निरनिराळे लोक मोडत. मळेवाले खरेदी करताना ही नावे मालाच्या प्रतीसारखी वापरीत. अमुक जातीचे गुलाम कष्टाळू, तमुक बंडखोर, अशी त्यांची कोष्टके असत. म्हणजे ज्या नावाने आज पूर्वजांना हाक मारली जाते, त्यांतली काही नावे विकणाऱ्याने दिलेली आहेत.

यावरून ‘बिग ड्रम’मधील स्मृती खोटी आहे असे कोणी म्हणेल तर आम्ही त्याच्याशी भांडू. पण ती शुद्ध आहे, वसाहतीच्या कागदांपासून अस्पर्श आहे, असे म्हणणाऱ्याशीही आमचे जमणार नाही. आपल्याकडे मौखिक परंपरा आणि लिखित दप्तर यांचा विरोध फार सोपा करून मांडण्याची सवय आहे: दप्तर सत्तेचे, ओवी लोकांची. कॅरिअकूवर असे दिसते की दप्तरातला एक शब्द ढोलावर चढला आणि तिथे त्याचा अर्थ पालटला. बाजारात जी खूण किंमत ठरवण्यासाठी होती ती रिंगणात कुळाचे नाव झाली, आणि त्या नावाभोवती नाते, मान, क्षमा यांची एक सबंध व्यवस्था उभी राहिली. वेगवेगळ्या गावांतून आलेल्या आणि एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांना परक्याने दिलेल्या नावाखाली का होईना, एकत्र यावे लागले, आणि ते आले. मूळ गाव हरवले ते हरवलेच. त्यानंतर जे घडले त्याला आम्ही इतिहास म्हणतो.

पॉल मार्शल (ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या, बार्बाडोसच्या आईवडिलांच्या या लेखिकेचे पहिले नाव असे पुरुषी वाटते) १९६० च्या दशकात ग्रेनेडात राहून लिहीत असताना कॅरिअकूला जाऊन आल्या आणि त्यांनी ‘बिग ड्रम’ पाहिला. वीसेक वर्षांनी, १९८३ मध्ये, त्यांची ‘प्रेझसाँग फॉर द विडो’ ही कादंबरी आली. एव्ही जॉन्सन ही चौसष्ट वर्षांची सुखवस्तू विधवा आलिशान पर्यटन-जहाजावरून फिरत असताना अकारण अस्वस्थ होते, ग्रेनेडात उतरून विमानाने न्यूयॉर्कला परत जायचे ठरवते, आणि विमान चुकल्यामुळे एका म्हाताऱ्या दारूविक्रेत्याच्या दुकानात पोचते. लेबर्ट जोसेफ हा तो म्हातारा. त्या दिवसांत ग्रेनेडात कामाला असलेले कॅरिअकूचे लोक वर्षातून एकदा बोटींतून आपल्या बेटावर परततात. ‘एक्स्कर्शन’ म्हणतात त्याला. म्हातारा तिला विचारतो की तुझे राष्ट्र कोणते. तिच्याकडे उत्तर नाही. तरीही तो तिला बोटीत बसवतो. वाटेत समुद्र खवळलेला असतो. तिला उलट्या होतात, तिचे भान जाते, आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्या बायका तिला घट्ट धरून ठेवतात. बेटावर म्हाताऱ्याची मुलगी तिला न्हाऊ घालते. रात्री ती ढोल ऐकते. प्रत्येक राष्ट्राचा नाच ती कडेला बसून पाहते, कारण त्यांतले एकही तिचे नाही; शेवटी सर्वांसाठी खुला असलेला नाच सुरू होतो तेव्हा तिचे पाय नकळत त्या घसटत्या चालीवर पडू लागतात. ही चाल तिने लहानपणी पाहिलेली असते, दक्षिण कॅरोलिनात, पणतीआजीच्या गावी.

ही कादंबरी आम्ही प्रथम वाचली तेव्हा भारावून गेलो होतो. पुन्हा वाचताना काही गोष्टी खटकतात, त्याही सांगायला हव्यात. पर्यटन-जहाज सोडून एव्ही बोटीत चढते हे खरे. परंतु बेट तिच्यासाठी जे करते ते एका परीने पर्यटकासाठीच करते. कॅरिअकूची माणसे तिला उचलतात, धुतात, खाऊ घालतात, नाचवतात आणि दोन दिवसांत बरी करून परत पाठवतात. त्यांची स्वतःची दुखणी कोणती? मुले परदेशी गेली आहेत हे लेबर्ट जोसेफच्या बोलण्यात ओझरते येते, आणि कादंबरी पुढे सरकते. लॉर्ड यांचे बेट आईच्या तोंडून आलेले, मार्शल यांचे एका भेटीतून. दोघीही न्यूयॉर्कच्या लेखिका. या बेटावर जगलेल्या माणसाने लिहिलेले कॅरिअकू मात्र इंग्रजी विभागांच्या यादीत येत नाही. ग्रेनेडाच्या मर्ल कॉलिन्स यांनी ‘साराका अँड नेशन’ हा अनुबोधपट करून ही उणीव थोडी भरून काढली आहे.

तरीही मार्शल यांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. एव्हीला शेवटपर्यंत तिचे राष्ट्र सापडत नाही. म्हातारा तिच्या चालीवरून तर्क करतो, तेवढेच. मार्शल यांना हवे असते तर त्या तिला एखादे नाव सहज देऊ शकल्या असत्या. ते त्यांनी केले नाही, आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या नाचात तिला आणले. नऊ राष्ट्रांच्या नावांमागचा व्यापार लक्षात घेतला तर हा निर्णय आम्हांला कादंबरीतला सर्वांत सूक्ष्म निर्णय वाटतो.

कादंबरी आली त्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १९८३ रोजी, अमेरिकेने ग्रेनेडावर सैन्य उतरवले. मॉरिस बिशप यांचे क्रांतिकारी सरकार १९७९ मध्ये सत्तेवर आले होते. अंतर्गत फुटीत १९ ऑक्टोबरला बिशप यांची हत्या झाली आणि सहा दिवसांत अमेरिकी फौजा आल्या. १ नोव्हेंबरला मरीन सैनिक कॅरिअकूवरही उतरले. प्रतिकार झाला नाही. लॉर्ड यांनी १९७८ मध्ये ग्रेनेडा प्रथम पाहिले होते. आक्रमणानंतर, डिसेंबर १९८३ मध्ये, त्या पुन्हा गेल्या आणि आपण ज्या देशाच्या नागरिक आहोत त्याच देशाने आपल्या आईच्या देशावर चाल केली, या विदारक जाणिवेतून त्यांनी एक दीर्घ निबंध लिहिला. नकाशात न सापडलेले बेट सैन्याच्या नकाशात व्यवस्थित होते.

आता ज्या गोष्टीसाठी साहित्याच्या अध्यापकांनी कॅरिअकू मुद्दाम लक्षात ठेवावे असे आम्हांला वाटते ती सांगतो. लेंटच्या उपवासांच्या आदल्या दिवशी, कार्निव्हलच्या मंगळवारी, या बेटावर ‘शेक्सपिअर मास’ होतो. रंगीबेरंगी कपडे, त्यांना लावलेले लहान आरसे आणि घुंगरू, तोंडावर जाळीचा रंगवलेला मुखवटा, डोक्यामागे आणि पाठीवर जाड संरक्षक आच्छादन, हातात चाबूक. अशा वेषातले दोन पुरुष चौकात समोरासमोर उभे राहतात. एक दुसऱ्याला आव्हान देतो की ‘ज्यूलियस सीझर’मधले अमुक भाषण म्हणून दाखव. दुसरा म्हणू लागतो: मार्क अँटनीचे, नाहीतर ब्रूटसचे. शब्द चुकला, ओळ गळली, अडखळला, की समोरचा चाबूक ओढतो. आच्छादन असते ते त्यासाठीच. भोवतीचा जमाव निव्वळ प्रेक्षक नसतो. त्यालाही भाषणे पाठ असतात आणि चूक तोच आधी पकडतो. पूर्वी एका गावचा संघ दुसऱ्या गावाच्या संघाला चव्हाट्यावर गाठी आणि प्रकरण खऱ्याखुऱ्या मारामारीवर जाई.

नाटक कोठून आले? शाळेतून. ब्रिटिश वसाहतींतल्या शाळांत ‘रॉयल रीडर’ या नावाची पाठ्यपुस्तकमाला चाले आणि तिच्यात शेक्सपिअरचे वेचे असत. मास्तर ते पाठ करून घेत, आणि चुकल्यास मार मिळे. म्हणजे ‘मास’मध्ये वेचाही शाळेचा आहे आणि शिक्षाही. हे वाचताना आपल्याकडच्या शाळा आठवल्यावाचून राहत नाहीत. अँटनीचे तेच भाषण पाठ म्हणून दाखवणारे आजोबा मराठी घरांतही होते. आपण मात्र ते वक्तृत्वस्पर्धेत नेले आणि बक्षिसे मिळवली. एकमेकांना चाबकाने मारण्याचे आपल्याला सुचले नाही.

या प्रकाराचे काय करावे, हा प्रश्न समीक्षेला पडतो. अनुकरण, विडंबन, प्रतिकार हे शब्द तयारच आहेत आणि ते लावून निबंध लिहिणे अवघड नाही. पण चौकात उभा असलेला माणूस शेक्सपिअरची थट्टा करत नसतो. एकही शब्द चुकू नये म्हणून तो महिनोन्‌महिने तयारी करतो. थट्टा करणाऱ्याला अचूकतेची इतकी चाड नसते. आम्हांला लक्षणीय वाटते ती दुसरी गोष्ट. नाटकाची कथा इथे गळून पडली आहे. सीझर मरत नाही, कट होत नाही, अंक नाहीत, रंगमंच नाही. उरली आहेत ती फक्त भाषणे, आणि तीही दोन माणसांनी एकमेकांवर फेकायची. शब्दांनी जमाव फिरवण्याविषयीचे नाटक घेऊन या लोकांनी त्यातून शब्द आणि जमाव एवढेच ठेवले. चाबकाचे मूळ शाळेच्या छडीत शोधावे, लाठीच्या जुन्या खेळांत, की त्याही मागे मळ्यात? हे थर एकमेकांत मिसळले आहेत. मळ्यावरचा चाबूक एकाच हातात असे. इथे तो दोघांच्याही हातात आहे, आणि आज मारणारा उद्या चुकू शकतो.

पुन्हा मृतांकडे यावे लागते, कारण या बेटावर सगळ्या वाटा तिकडेच जातात. घरात कोणी स्वप्नात मेलेल्या माणसाला पाहिले, की तो भुकेला आहे असे समजून जेवण घालतात. त्याला ‘साराका’ म्हणतात. हा शब्द पश्चिम आफ्रिकेतील मुसलमानांकडून आला, आणि त्याच्या मुळाशी अरबी ‘सदका’ आहे. उर्दूमुळे आपल्या कानांना तो परका नाही. पूर्वजांसाठी वेगळे काढलेले अन्न बिनमिठाचे असते. मीठ खाल्ले नाही तर आफ्रिकेला उडत परत जाता येते, अशी समजूत कॅरिबियनमधल्या गुलामांत सर्वत्र होती. लॉर्ना मॅकडॅनिएल यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात ‘बिग ड्रम’ची गाणी या उड्डाणाच्या कल्पनेशी जोडून वाचली आहेत. मीठ खाल्लेले आपण परतू शकत नाही, पण निदान मेलेल्यांना तरी अडकवू नये, असा काहीसा भाव त्या बिनमिठाच्या ताटात असावा. ताट रात्रभर टेबलावर ठेवतात. पितृपक्षात काढून ठेवलेले पान ज्यांनी पाहिले आहे त्यांना याहून अधिक समजावून सांगायला नको.

सर्वांत मोठा समारंभ ‘स्टोन फीस्ट’चा. माणूस पुरल्यानंतर थडग्यावर दगड लगेच बसवत नाहीत. त्याला वर्षे जातात, कारण दगडाला आणि जेवणावळीला पैसा लागतो, आणि तो परदेशातल्या मुलांकडून यायचा असतो. मग दगड घडतो, मुले इंग्लंड-अमेरिकेहून येतात, जनावर कापले जाते, दगड मिरवत नेऊन बसवला जातो आणि ढोल वाजतो. तोवर मेलेला माणूस पुरता मेलेला नसतो.

ल’एस्टेर गावचा चित्रकार कॅन्यूट कॅलिस्ट (१९१४–२००५) हे सगळे रंगवत असे: ढोलाचे रिंगण, लग्ने, शिडाची जहाजे, लहानपणी आपल्याला दिसली म्हणून तो सांगे ती जलपरी. चित्रावरच तो स्वतःच्या वर्णलेखनाप्रमाणे दोन ओळी लिही. ‘कॅरिअकूच्या माणसाने लिहिलेले कॅरिअकू’ असा प्रश्न आम्ही वर उपस्थित केला. त्याचे उत्तर कदाचित या ओळींत आहे, पण आमच्या शाखेत चित्रांवरच्या अशुद्ध ओळींना साहित्य म्हणण्याची पद्धत नाही.

२०२३ साली कॅरिअकू आणि शेजारच्या पेटिट मार्टिनिक बेटाच्या लाकडी जहाजबांधणीला युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पुढच्या वर्षी, १ जुलै २०२४ रोजी, बेरिल हे चक्रीवादळ ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह थेट या बेटावर आदळले. १९५५ च्या जॅनेट वादळाच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसे अजून होती. त्यांनीही असे पाहिले नव्हते. अर्ध्या तासात बेट सपाट झाले, असे पंतप्रधान डिकन मिचेल म्हणाले. बहुतेक घरांची छपरे गेली. हिल्सबरोचे संग्रहालय कापूस पिंजण्याच्या जुन्या कारखान्यात होते. त्याचेही मोठे नुकसान झाले. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक संस्थेचे २०२२ पासूनचे प्रमुख सायमन स्टील मूळचे कॅरिअकूचे. ते आले तेव्हा त्यांच्या दिवंगत आजीचे घरही पडलेले होते. या वेळी जगभरच्या वृत्तपत्रांनी बेटाचा नकाशा छापला.

किनाऱ्याला टिबो नावाची जुनी दफनभूमी आहे. तिथे वादळाची वाट पाहावी लागली नव्हती. वाळूचा उपसा आणि चढता समुद्र यांमुळे किनारा कित्येक वर्षे आत सरकत आला आहे, आणि थडग्यांचे दगड एकामागून एक पाण्यात गेले आहेत. ओहोटीला काही दगड वाळूत आडवे पडलेले दिसतात, आणि त्यांपैकी काहींवरची नावे अजून वाचता येतात. फेनरचा नकाशा मात्र परदेशच्या ग्रंथालयांत सुरक्षित आहे. आम्ही पाहिली ती त्याचीच प्रतिमा. हा सगळा किनारा त्यात आहे, आणि जिथे आता पाणी आहे तिथे जमीन दाखवली आहे.